सावली माणसांना, ऊन पॅनलला: दिवेआगर ते मालवण

शुक्रवार: पुणे ते दिवेआगर

कोकणात कॅम्पर घेऊन जाणाऱ्याने किलोमीटर मोजून उपयोग नाही, इंजिन किती तास चालणार ते मोजावं. किनाऱ्यावर मुक्काम ते मुक्काम अंतर थोडं, मधे खाडी आली की जेट्टीवर इंजिन बंद करून उभं राहायचं, आणि गाव आलं की गाडी नारळी-पोफळीच्या वाडीत. म्हणजे चालताना बॅटरीत थोडं पडतं आणि उभं असताना छतावरच्या पॅनलला ऊन मिळत नाही. फ्रिज मात्र चोवीस तास चालू. या हिशेबावर आमचं आणि दादाचं (माझा आतेभाऊ) गेल्या दिवाळीपासून भांडण चाललं होतं, म्हणून डिसेंबरात दोन्ही गाड्या एकत्र काढल्या.

आमची व्हॅन नवी, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतली). मागे शंभर एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, इंजिनाच्या विजेवर ती भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, टपावर दोनशे वॅटची पॅनलं. दादाची व्हॅन जुनी, मागे दीडशे एएचची शिशाची, पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी आणि पुढच्या-मागच्या बॅटरीला जोडणारा साधा रिले. दीडशेचा आकडा दादा अभिमानाने सांगतो. पण शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त वारंवार काढलं तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे त्याच्याकडे वापरायला पंचाहत्तर आणि आमच्याकडे शंभरातले ऐंशी-नव्वद. वजनात त्याची पन्नास किलोच्या वर, आमची बारा-तेरा.

"अगं, आधी शंभरची होती. दरवर्षी बसायची. दुकानदार म्हणाला लहान पडते, म्हणून ही घेतली," दादा म्हणाला. आता हीही बसायला लागली होती.

ताम्हिणीत डॅशवरचा व्होल्टमीटर बघायला मजा येते. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की १४.६, मुळशीच्या सपाट रस्त्यावर १२.८. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) लगाम कॉम्प्युटरच्या हातात असतो. पुढची बॅटरी भरली असं वाटलं की तो डिझेल वाचवायला व्होल्टेज पाडतो, उतारावर फुकटची ताकद मिळाली की वाढवतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून अशा गाड्या जास्त दिसू लागल्या. अशा गाडीत साधा रिले बसवला तर सपाट रस्त्यावर तो सारखा सुटतो, मागची बॅटरी उपाशी राहते आणि मालक बॅटरीला शिव्या घालतो. डीसी-डीसी चार्जर पुढून मिळेल ते व्होल्टेज घेऊन मागे हवं तेवढं करून देतो. इग्निशनची वायर मात्र त्याला जोडावीच लागते, नाहीतर गाडी उभी असताना तो पुढच्या बॅटरीतून ओढत बसतो.

दादाच्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर सरळमार्गी: इंजिन चालू की १४.२, चढ असो की उतार. म्हणजे खरं तर त्याची बॅटरी आमच्यापेक्षा सुखात असायला हवी होती. ती तशी का नाही, हे शोधायचं ठरवून मी व्होल्टेज आणि करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सोबत घेतला होता.

माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला पोचेपर्यंत पाचेक तास इंजिन चाललं. आमची बॅटरी भरली होती. दादाची "भरल्यासारखी" दिसत होती.

शनिवार: शेखाडीचा रस्ता, बागमांडला जेट्टी, आंजर्ले

सकाळी चहाच्या आधी दादाच्या बॅटरीवर मीटर लावला. रात्रभराच्या फ्रिज-पंख्यानंतर १२.२. शिशाच्या बॅटरीला हा आकडा म्हणजे निम्मी उतरली. आमच्या लिथियममध्ये व्होल्टेज बघून काही कळत नाही, ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत तेराच्या आसपासच रेंगाळते. तिच्यासाठी आत किती गेलं, बाहेर किती आलं ते मोजणारा शंटचा मीटर लागतो. तो २२ टक्के खर्च दाखवत होता.

आमचा दिवसाचा खर्च असा: फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४५ वॅट घेतो, पण कोकणच्या हवेत जवळजवळ निम्मा वेळ चालूच असतो, म्हणजे दिवसाला चाळीसेक एएच. पंखा रात्रभर बाराएक. दिवे, फोन, पाण्याचा पंप मिळून आठ-दहा. साठ धरून चालायचं.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा भरडखोल-शेखाडीवरून जाणारा रस्ता समुद्राला इतका चिकटून आहे की कुणी वेगात जातच नाही. दर वळणावर गाडी थांबते, फोटो निघतात. हरिहरेश्वरला दर्शन, आणि तिथून बागमांडल्याच्या जेट्टीवर शनिवारची रांग. सावित्रीची खाडी ओलांडायला फेरीबोटीला दहा-पंधरा मिनिटं लागतात, रांगेला तास.

रांगेत नवऱ्याने सुचवलं की इंजिन चालू ठेवू, बॅटरी भरेल. हा गैरसमज सगळीकडे आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अल्टरनेटर हळू फिरतो, पूर्ण करंट देत नाही, आणि त्याला थंड ठेवणारा त्याचाच पंखाही हळू फिरतो. त्यात एसी लावला की उरलंसुरलं तिकडे जातं. डिझेल जळतं, मागची गाडी धुराने वैतागते, बॅटरीत पडतं थोडंसं. ज्यांनी लिथियम बॅटरी चार्जरशिवाय नुसत्या रिलेवर जोडली आहे त्यांनी तर आयडलच्या भानगडीत पडूच नये. ती बॅटरी मिळेल तेवढं ओढते आणि अल्टरनेटर तापून जळू शकतो.

वेश्वीला उतरून केळशी, आडे आणि अंधार पडायच्या आत आंजर्ले. आमची बॅटरी पुन्हा ९६ टक्के. शिशाची बॅटरी मात्र पंगतीतल्या जिलबी खाणाऱ्यासारखी असते: पहिल्या चार पटापट, पुढच्या प्रत्येकीला वेळ. ऐंशी टक्क्यांपर्यंत ती भराभर घेते, शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात, मग मागून कितीही अँपिअर द्या. कोकणातल्या तीन तासांच्या तुकड्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही. रोज अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि दीडशेची बॅटरी गुपचूप शंभरची, मग सत्तरची होते. मोठी बॅटरी घेतली की हा प्रश्न वाढतो, कारण भरायला तेवढंच जास्त लागतं. दादाला हे पटायला अजून एक दिवस लागणार होता.

रविवार: आंजर्ले, गाडी हलली नाही

कड्यावरच्या गणपतीला चालत गेलो. वरून जोग नदीचं मुख आणि पलीकडे समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. बाकी दिवस वाडीत.

वाडीतली सावली माणसाला स्वर्ग आणि सोलर पॅनलला शाप. टपावरच्या दोनशे वॅटमधून दुपारी बारा वाजता पंधरा-वीस वॅट येत होते. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका झावळीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी अख्ख्या ओळीचा करंट अडतो. सावलीतले सेल वगळून वीज पुढे नेणारे बायपास डायोड असतात, पण पोफळीच्या बनात सावलीचे ठिपके सगळीकडे असतात, तिथे डायोड तरी काय करणार. दोन पॅनलं समांतर जोडली असतील तर एकावरची सावली दुसऱ्याला बाधत नाही, एवढाच फायदा.

शेवटी घरमालक काकांकडे प्लग मागितला. प्लगवर चालणारा आमचा चार्जर २० अँपिअरचा आहे. तो बॅटरीत २० अँपिअर टाकतो तेव्हा भिंतीतून दीड अँपिअरच्या आसपासच घेतो, म्हणजे साधा पाच अँपिअरचा प्लग पुरतो. लोक मोठ्या प्लगसाठी हटून बसतात, त्याची गरज नाही. गरज आहे ती अर्थिंगची. टेस्टरवाला थ्री-पिन लावून ते तपासलं. आणि एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडून ठेवायची, गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते.

दिवसभर चार्जर दादाच्या बॅटरीला दिला (त्यावर शिशाची बॅटरी हा पर्याय आहे, तो नसेल तर लिथियमचा चार्जर शिशाला लावू नये). सकाळी हायड्रोमीटरने ॲसिडची घनता (ती जितकी जास्त, तितकी बॅटरी भरलेली) १.२० भरली होती. अकराला वीज गेली, साडेबाराला आली, संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडलं की काकांचा ट्यूबलाईट लुकलुकत होता, पण चार्जर तग धरून होता. सात वाजता घनता १.२६. वहिनी डिस्टिल वॉटर घेऊन सकाळपासून तयार होती. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, कारण भरताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ घातलेलं ॲसिड बुचांतून बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी थोडं घालावं. आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तेव्हा बॅटरीच्या पेटीला बाहेर जाणारी नळी हवीच. दादाच्या पेटीला नव्हती. पलंगाखाली असा वायू साठवून झोपणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

रात्री आमचा नंबर. दोन्ही मिळून दोन-अडीच युनिटं झाली असतील. काका पैसे घेईनात. "एवढ्याशा लाईटीचे काय घ्यायचे?" म्हणून उलट आमसुलांची पुडी दिली. वहिनीने काकूंच्या हातावर शंभर रुपये ठेवले. वीज मागताना आपण किती युनिटं खाणार हे आधीच सांगितलं की समोरचाही निर्धास्त होतो.

सोमवार: हर्णै, दाभोळची फेरी, गुहागर

हर्णै बंदरात सुरमई घेतली. फ्रिजमध्ये गरम वस्तू टाकायची वेळ म्हणजे इंजिन चालू असताना. मासळी बर्फात दाबून थंड केली आणि गाडी सुटल्यावर आत ठेवली, पाण्याच्या बाटल्याही तेव्हाच भरल्या. कॉम्प्रेसरचं सगळं कष्टाचं काम अल्टरनेटरच्या खर्चाने झालं. रात्री नऊला पाच लिटर कोमट पाणी फ्रिजमध्ये ढकलणारे लोक सकाळी बॅटरीला नावं ठेवतात.

दाभोळहून धोपाव्याला उतरलं की जवळच अंजनवेलचा वीज प्रकल्प, पूर्वाश्रमीचा एन्रॉन. दोन हजार मेगावॅटच्या घरातली क्षमता, आणि त्याच्या शेजारून आम्ही वीस अँपिअरची चर्चा करत चाललो होतो.

गुहागरला समुद्रासमोर उभं राहायची सगळ्यांची हौस. एक रात्र ठीक आहे. खारा वारा बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी आणतो, ती वीज अडवते, आणि बॅटरी भरलेली असूनही सेल मारला की नुसतं टक्. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचं, डोळ्यांवर चष्मा ठेवून, पाणी बुचांतून आत जाऊ न देता. सुकलं की घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेलीचा हात. आधी जेली आणि मग आवळणं असं करू नये, धातूला धातू भिडला पाहिजे.

संध्याकाळी किनाऱ्यावर सांगलीकडची एक गाडी अडली होती. मुलांनी दिवसभर गाणी लावली, दारं उघडी, आतला दिवा चालू. गिअर ऑटोमॅटिक, तेव्हा धक्का मारून सुरू करायची सोय नाही. दादाने जंपर केबल काढली. लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीला न लावता तिच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. पाच मिनिटं आमची गाडी चालू ठेवली, त्यांचा सेल लागला. "आता बंद करू नका, गुहागरातच फिरत बसू नका, सरळ चिपळूणपर्यंत जा," दादाने बजावलं.

मंगळवार: हेदवी, तवसाळ-जयगड, रत्नागिरी

हेदवीचा दशभुजा गणपती, वेळणेश्वर, मग तवसाळहून जयगड. पुन्हा फेरी, पुन्हा इंजिन बंद, आणि पलीकडे पुन्हा एक वीज प्रकल्प, बाराशे मेगावॅटचा. गणपतीपुळ्याला गर्दी होती, दर्शन घेऊन आरे-वारेच्या रस्त्याने संध्याकाळी रत्नागिरीत.

दिवसभरात एक काम झालं. दादाची गाडी चालू ठेवून मी दोन मापं घेतली. अल्टरनेटरच्या प्लसपासून मागच्या बॅटरीच्या प्लसपर्यंत: ०.६ व्होल्ट. मागच्या बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत: ०.५. म्हणजे पुढे १४.२ निघतात आणि मागे १३.१ पोचतात. करंट कमी झाला की ही घटही कमी होते, त्यामुळे बारा तास चालवली तर बॅटरी भरेलही, पण कोकणात बारा तास कोण चालवतो?

बुधवार: वायर बदलली, मग कशेळी

सकाळी रत्नागिरीत ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान गाठलं. दादाच्या गाडीत सहा स्क्वेअर एमएमची वायर होती. मागची बॅटरी पाच मीटरवर. मायनससाठी गाडीच्या बॉडीवर विसंबलं नाही तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. तीस अँपिअरला सहा एमएममध्ये नऊशे मिलिव्होल्टच्या आसपास गळतात, सोळा एमएममध्ये साडेतीनशे. सोळाची घेतली, टोकांना धातूचे लग दाबून बसवले, आणि दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो आणि वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, तेव्हा एक फ्यूज पुरत नाही. मायनसचा बोल्ट चॅसिसवर गंजून लाल झाला होता. कारागिराने सँडपेपर मारून लोखंड उघडं केलं, नवा वॉशर टाकला, मागून सरळ मायनसची वायरही ओढली. नव्या बॅटरीच्या किमतीच्या तुलनेत बिल किरकोळ होतं.

सेल मारून मीटर लावला: मागे १३.८. दादा काहीच बोलला नाही, फक्त मीटर माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा लावून बघितला.

पावस, पूर्णगड करत कशेळीला दुपारी. इथे कनकादित्याचं, म्हणजे सूर्याचं जुनं देऊळ आहे, आणि या भागात वर सड्यावर कातळशिल्पं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मला सड्याचं आणखी एक कौतुक: तिथे झाड नाही. जांभ्याचा उघडा माळ, क्षितिजापर्यंत सावली म्हणून नाही. मुक्काम खाली वाडीत करायचा आणि दुपारचं जेवण वर सड्यावर, ही आमची पद्धत तेव्हापासून पक्की झाली. टपावरच्या दोनशे वॅटमधून १३० येत होते. पूर्ण दोनशे का नाही? डिसेंबरात या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांच्याच आसपास असतो, त्यामुळे आडव्या पॅनलवर ऊन तिरकं पडतं. शिवाय काळं पॅनल साठ अंशांपर्यंत तापतं, आणि पंचवीसच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. दादाचं घडीचं शंभर वॅटचं पॅनल दक्षिणेकडे तिरकं उभं केलं तर ते ८५ देत होतं. त्याची वायर मात्र लांब आणि जाड हवी. आणि वर बसलेलं मीठ गोड्या पाण्याने पुसायचं, तेवढ्यानेही फरक पडतो.

गुरुवार, शुक्रवार: विजयदुर्ग, देवगड, मालवण

गुरुवार नुसता रस्त्याचा. विजयदुर्गाच्या तटावर तासभर, देवगडला चहा, आणि आचऱ्यावरून अंधार पडता पडता मालवण. दादाची बॅटरी शुक्रवारी सकाळी १२.५. त्याच फ्रिजवर, त्याच पंख्यावर. वहिनीने तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

मालवणात दोन रात्री, तेव्हा पुन्हा प्लग. मावशी वायर बघत म्हणाल्या, "गाडयेक पण चार्जिंग व्हया काय?" आणि स्वतःच पडवीतला बोर्ड दाखवला. आम्ही सिंधुदुर्ग बघायला होडीने गेलो तेव्हा गाडी उन्हात होती. परत आल्यावर बॅटरीच्या कप्प्यात ४६ अंश. लिथियमला उणे तापमानात चार्जिंग चालत नाही ही भीती हिमालयात जाणाऱ्यांसाठी. कोकणात तिचा शत्रू उष्णता. पूर्ण भरून तापत ठेवली की ती लवकर म्हातारी होते. कप्प्याला जाळी आणि छोटा पंखा लावायचं ठरलं.

शनिवार: फोंडा घाटातून परत

कणकवली, फोंडा घाट, राधानगरी. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत असतं, तेव्हा दोन्ही गाड्यांत चार्जिंग झकास.

आता घरी ठेवण्याचं. आमची लिथियम साठ टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद केला, तिला तसंच आवडतं. दादाच्या ट्यूब्युलरचं उलट: ती सतत भरलेली हवी, १३.५ व्होल्टच्या मेन्टेनन्स चार्जरवर. पुढच्या बॅटरीलाही विसरून चालत नाही. अलार्म, ट्रॅकर आणि घड्याळ मिळून पन्नास मिलिअँपिअर घेत असतील तर दिवसाला सव्वा एएच जातात, आणि महिनाभर उभ्या गाडीत चाळीसाच्या जवळ. दादाच्या सोसायटीत पार्किंगला प्लग नाही आणि पन्नास किलोची बॅटरी लिफ्टने वर न्यायला वहिनीचा नकार आहे. सेक्रेटरींकडे अर्ज गेलाय. तोवर गाडी कुंपणाकडेच्या उन्हाच्या जागेत लावून घडीचं पॅनल कंट्रोलरसकट (चार्जिंगवर लक्ष ठेवणारा डबा) टपावर बांधलंय, आणि दर रविवारी दादा मला आकडा पाठवतो. परवाचा १२.७ होता.